मावळा : एका शब्दाची वाटचाल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, लोणावळे मुक्कामी, केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचे आयुष्य शाळेत खडू-फळ्याच्या संगतीत गेले. मोठ्या विद्वत्तेचा दावा करावा असे शिक्षण आम्हांस मिळाले नाही. मॅट्रिक झालो आणि मावळातल्या मुलांना भाषा शिकवीत बसलो. तथापि शब्दांची आवड जडली ती जडली. चिटणीसांनी ती हेरली आणि या वर्षी एका शब्दावरच बोलावयाची आज्ञा केली. तो शब्द म्हणजे 'मावळा'.

हा विषय निघण्याचे कारण सभासदांना ठाऊक आहे. गतवर्षीच्या सभेत काही तरुण मंडळींनी अशी सूचना मांडली की, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर 'आम्ही मूळचे मावळे' ही ओळ छापावी. त्यावर दोन-तीन वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, मावळा म्हणजे नांगर धरणारा आणि वेळ पडली तर तलवार धरणारा. आपण नाभिक. आपल्या पूर्वजांनी धोकटी धरली. उगाच दुसऱ्याचे पागोटे डोक्यावर कशाला घ्यावे, लोक हसतील. वाद बराच वेळ चालला, आवाज चढले, आणि अखेर सूचना पुढच्या वर्षावर टाकण्यात आली. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात कळकळ होती. पण दोन्ही बाजू एकच शब्द दोन निराळ्या अर्थांनी वापरीत होत्या, आणि हे कोणाच्याच ध्यानी येत नव्हते. म्हणून आधी शब्दाची जन्मकथा पाहू, निर्णय मागाहून.

'मावळणे' हे क्रियापद आपल्या नित्याच्या बोलण्यातले आहे. सूर्य मावळतो, राग मावळतो, उत्साह मावळतो. ज्या दिशेला सूर्य मावळतो ती मावळत. सभासंमेलनांत मुदत संपलेल्या अध्यक्षांना 'मावळते अध्यक्ष' म्हणतात. (आपले आजचे मावळते अध्यक्ष पवन मावळातले असल्यामुळे ते दुहेरी मावळते आहेत, एवढा विनोद त्यांनी आम्हांस माफ करावा.) यावरून सरळ उपपत्ती सांगितली जाते ती अशी, की पुण्याच्या मावळतीला जो सह्याद्रीलगतचा मुलूख तो मावळ, आणि तिथला राहणारा तो मावळा. आम्हीही मुलांना अनेक वर्षे ही उपपत्ती सांगत आलो. ती गोड आहे, लक्षात राहते, आणि पुणेकराच्या डोळ्यांनी पाहिली तर खरीही वाटते.

परंतु जरा घाट उतरून खोपोलीस उभे राहा. तिथल्या माणसाला मावळ कुठे दिसतो? पूर्वेला! त्याचा सूर्य खंडाळ्याच्या डोंगरामागून, म्हणजे मावळातूनच उगवतो. तेव्हा 'सूर्य मावळतो तो मावळ' हे नाव जर खरेच तसे पडले असेल, तर ते देशावरच्या माणसाने ठेवलेले असले पाहिजे. कोकणच्या माणसाला ते कधीच सुचणार नाही. यात अशक्य काही नाही. पण इथून तासाभराच्या आत जिथे पोहोचता येते अशा ठिकाणी एक जुना साक्षीदार बसला आहे, आणि त्याची साक्ष निराळी आहे.

तो साक्षीदार म्हणजे कार्ल्याचे लेणे. एकवीरेच्या दर्शनाला आपण सगळे जातो. देवीच्या देवळाशेजारी जे भव्य चैत्यगृह आहे तिथल्या लेखांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ते लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. त्यांपैकी सातवाहनकाळच्या, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या एका लेखात वलूरक लेण्यांतील भिक्षूंना करजक नावाचे गाव दिल्याचा उल्लेख आहे. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचे त्या काळचे नाव. आणि हे करजक गाव कुठे, तर 'मामालाहारात'. 'आहार' म्हणजे प्रांताचा एक विभाग, आजच्या भाषेत तालुका किंवा जिल्हा म्हणा. 'मामाल' म्हणजे आपला मावळ, असे विद्वानांनी ठरविले आहे.

आता 'मामाल'चा 'मावळ' कसा झाला, असे विचाराल. त्याला घरातलीच उदाहरणे पुरतात. संस्कृतातला 'आमलक' मराठीत 'आवळा' झाला. 'श्यामल' होता तो 'सावळा' झाला. 'कोमल'चा 'कोवळा' झाला. या तिन्हींत दोन स्वरांमधल्या 'म'चा 'व' झाला आणि 'ल'चा 'ळ' झाला. त्याच वाटेने चालत 'मामाल' आला तर तो 'मावळ' होणारच. भाषा नियम मोडते ते क्वचित. एरवी ती शिस्तीची असते, वर्गातल्या मुलांहून तर खासच.

आमचे मत विचाराल तर आम्ही कार्ल्याच्या दगडाच्या बाजूचे आहोत. नाव आधीच होते. पुढे मराठी बोलणाऱ्यांना त्या नावात 'मावळणे' ऐकू येऊ लागले, आणि मुलूखही पुण्याच्या पश्चिमेलाच असल्यामुळे तो अर्थ त्याला बेमालूम चिकटला. गावांच्या नावांच्या बाबतीत असे नेहमी घडते. लोणावळ्याचे नाव 'लेणी' आणि 'आवळी', म्हणजे लेण्यांची ओळ, यावरून आले असे सांगतात. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी सभोवती असल्यामुळे ते पटतेही. (खेड्यांतून आत्येला 'मावळण' म्हणतात, तिचा आपल्या मावळाशी संबंध नाही. तिचे नाते संस्कृत 'मातुल', म्हणजे मामा, या शब्दाशी आहे. मामाच्या घरी आत्या देण्याची चाल जिथे होती तिथे मामी आणि आत्या एकच, हे स्त्रीवर्गास सांगणे नलगे.)

एवढ्या चर्चेतून हाती काय लागले? हे लागले, की 'मावळ' हे प्रथमपासून जागेचे नाव आहे. ते कुळाचे नाही, धंद्याचे नाही, पराक्रमाचेही नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ते दगडावर कोरले गेले तेव्हा त्याचा अर्थ भूभाग एवढाच होता. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तीतही मावळ म्हणजे सह्याद्रीलगतचा मुलूख हाच अर्थ दिला आहे.

हा मुलूख एकसंध मैदान नव्हे. डोंगराची एक सोंड, मग नदी, मग पुन्हा सोंड, अशी त्याची रचना. दोन सोंडांमधली जी चिंचोळी ओल, ते एक मावळ. दक्षिणेकडे त्यालाच खोरे म्हणतात आणि जुन्नरकडे नेर म्हणतात. भीमनेर, भामनेर ही नावे त्यातलीच. पुण्याखाली बारा मावळ आणि जुन्नरखाली बारा मावळ अशी जुनी गणना आहे. आपल्या आजच्या मावळ तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ येतात. पैकी आंद्रा नदीवरून आंदर आणि पवनेवरून पवन. पलीकडे मुठा खोरे, मोसे खोरे, कानद खोरे, गुंजण मावळ, रोहिड खोरे, हिरडस मावळ. एका मावळातून दुसऱ्यात जायचे तर खिंड चढून उतरावी लागे आणि पावसाळ्यात तेही बंद. म्हणून प्रत्येक मावळाला आपला देशमुख, आपला बाजार, आपल्या सोयरिकी. आणि प्रत्येक गावाला आपला सुतार, लोहार, कुंभार, परीट, महार, चांभार, गुरव आणि न्हावी. भात झोडून झाले की खळ्यावरच प्रत्येकाचे बलुते निघे. पाऊस सर्वांवर सारखाच पडे आणि तांदूळही सर्व जण तोच खात. 'मावळा' या शब्दाचा हा पहिला अर्थ, आणि त्यातून कोणी बलुतेदार वगळला गेला असेल असे आम्हांस तरी दिसत नाही.

दुसरा अर्थ शिवकालात आला. मोसे खोऱ्यातले बाजी पासलकर, रोहिड खोऱ्यातल्या कारीचे कान्होजी जेधे, हिरडस मावळातले बांदल असे देशमुख आपापल्या खोऱ्यातली माणसे घेऊन महाराजांच्या कार्यात उतरले. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर महाराजांच्या पश्चात जिंजीस लिहिली, तीत तानाजी मालुसऱ्याला मावळ्यांचा हजारी म्हटले आहे. म्हणजे सतरावे शतक संपता संपता मावळा हा शब्द सैन्याच्या एका भागाचे नाव होऊन बसला होता. इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याने शिवाजीमहाराजांच्या पायदळाचे दोन वर्ग सांगितले आहेत. घाटमाथ्यावरचे मावळे, हे तलवारीचे. आणि कोकणातले हेटकरी, हे बंदुकीच्या नेमबाजीचे.

हा 'हेटकरी' शब्द किती जणांनी ऐकला आहे? वर केलेले हात बोटांवर मोजण्याइतकेच दिसतात. हेट म्हणजे खालची बाजू. घाटाखालचा तो हेटकरी, जसा मावळातला तो मावळा. दोन्ही शब्द जागेवरून आले, दोन्ही एकाच फौजेत गेले, दोघांनी रक्त सांडले. पण एकाचे भाग्य उजळले आणि दुसरा कोशात जाऊन पडला. शब्दांनाही दैव असते की काय न कळे. आम्हांस वाटते, आरंभीचे सवंगडी मावळातले, म्हणून पुढच्या सगळ्या फौजेलाच लोक मावळे म्हणू लागले आणि त्या पदराखाली हेटकरी झाकला गेला.

इथे आपल्या ज्ञातीचा प्रश्न येतो, तेव्हा जरा थांबून बोलू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली, त्या वेळी सय्यद बंडाचा वार होण्याआधी त्याला तोडणारे जिवा महाला हे आपले भूषण आहेत. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण मराठी मुलाला पाढ्यांबरोबर येते. सिद्दी जौहरच्या वेढ्यात १६६० साली महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसणारे शिवा काशीद हेही आपले. या दोघांना मावळे म्हणावे की नाही? काटेकोर पहिल्या अर्थाने पाहाल तर नाही. जिवाजींचे गाव परंपरेने वाईकडचे कोंडवली सांगतात आणि शिवाजींचे पन्हाळ्याखालचे नेबापूर. ही दोन्ही गावे मावळातली नव्हेत. पण दुसऱ्या, विस्तारलेल्या अर्थाने पाहाल तर यांच्याहून मोठे मावळे कोण?

उलट बाजूने पाहा. आंदर मावळात, नाणे मावळात आपल्या आज्यापणज्यांनी पिढ्यान् पिढ्या गावकीची हजामत केली, लग्नकार्यात राबले आणि खळ्यावरचे पायलीभर भात घरी आणले. त्यांच्या हाती तलवार कधी आली असेल असे सांगता येत नाही. दुसऱ्या अर्थाने ते मावळे नव्हेत. पहिल्या अर्थाने मात्र ते अस्सल मावळे; त्या नावावर त्यांचा हक्क कोणत्याही सरदाराइतकाच. गतवर्षी तरुणांच्या मनात जिवाजी होते आणि वडीलधाऱ्यांच्या मनात धोकटी घेतलेले आजोबा होते. वादाचे मूळ ते एवढेच.

पुढची हकीकत थोडक्यात. १८६३ साली भोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि मावळातला माणूस मुंबईस पोटासाठी जाऊ लागला. तिथे त्याला कोणी मावळा म्हटले नाही. तिथे तो 'घाटी' झाला. हाही जागेवरूनच आलेला शब्द. घाटावरचा तो घाटी. पण त्याचा उच्चार करताना नाक मुरडले जाई. भायखळा-परळच्या चाळींत राहून गोदीत, गिरणीत आणि केशकर्तनालयांत राबलेली आपली वडील मंडळी हा शब्द ऐकून जेवण अर्धे टाकून उठलेली आहेत. ज्या माणसाला क्रमिक पुस्तक वीर म्हणते त्यालाच शहर गडी म्हणते, हे आम्हांस शिकविताना फार बोचत असे. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून गेलेल्या डबेवाल्यांनी मात्र हा डाग धुऊन काढला. १८९० च्या सुमारास सुरू झालेला त्यांचा धंदा आज जगभर वाखाणला जातो, आणि आपण मावळ्यांचे वंशज असे ते उजळ माथ्याने सांगतात.

मावळा हा शब्द नांगराकडे परत आला तो मुळशीत. टाटा कंपनीच्या धरणाखाली मुळशी पेट्यातील सुमारे ५० गावांच्या जमिनी जाणार, म्हणून १९२१ साली रामनवमीच्या दिवशी तिथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पां. म. बापट हे पुढारी; बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. 'जान किंवा जमीन' अशी घोषणा होती. त्या तीन वर्षांत मावळा म्हणजे तलवारबहाद्दर नव्हे, तर भाताच्या खाचरात पाय रोवून उभा असलेला शेतकरी, असा अर्थ महाराष्ट्राने ऐकला. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले. इकडे लोणावळ्याच्या आसपास तलाव आधीच झाले होते, पुढे पवनेवरही धरण आले. मुंबई-पुण्याला वीज आणि पाणी मिळाले हे खरे. तथापि पाण्याखाली गेलेल्या गावांतून उठलेली जी कुटुंबे, त्यांत आपलीही होती. कुणब्याला जमिनीचा मोबदला, थोडाबहुत का होईना, मिळाला. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्या बलुतेदाराचे गाव बुडाले म्हणजे गिऱ्हाईक, मान आणि वर्षाचे धान्य एकदमच बुडाले. त्याची नोंद कोणी केली नाही. हा भाग इतिहासात फार तुटपुंजा आहे, आणि तो आपल्याच घरांतून गोळा करता येईल.

अलीकडे तर या शब्दाला वाराच मिळाला आहे. दिवाळीत मुले किल्ला करतात, त्यावर बाजारातून आणलेले मातीचे मावळे मांडतात. यात आम्हांस फार आनंद वाटतो. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी बोगदा खणणारे बारा मीटरांहून अधिक व्यासाचे एक प्रचंड यंत्र सुरू झाले, त्याचेही नाव 'मावळा' ठेवले गेले. डोंगर पोखरणाऱ्या यंत्राला डोंगरातल्या माणसाचे नाव, ही निवड आम्हांस वावगी वाटत नाही. लोकसभेचा मावळ मतदारसंघ झाला आणि २००९ साली तिथे पहिली निवडणूक झाली. त्यात पनवेल, कर्जत आणि उरण आहेत! म्हणजे ज्यांचे पूर्वज हेटकरी, ते आता मतपत्रिकेपुरते मावळकर झाले. कोशात पडलेल्या त्या बिचाऱ्या शब्दाला हा थोडा दिलासाच म्हणावयाचा.

एक वापर मात्र आम्हांस रुचत नाही. चौकाचौकांतल्या फलकांवर 'अमुक साहेबांचा मावळा' असे छायाचित्रांसह लिहिलेले असते. ज्या शब्दाचा अर्थ एका मुलखाचा रहिवासी असा होता, तो एका माणसाचा अनुयायी असा झाला. आणि असे फलक लावणाऱ्या कित्येकांना आंदर मावळ कुठे आहे हे विचारले तर सांगता येणार नाही. शब्द जगभर गेला आणि ज्या मुलखातून निघाला तो मुलूख त्यातून गळून पडला. आपल्या घरांतही फारसे निराळे नाही. पिंपरी-चिंचवडला, ठाण्याला वाढलेल्या नातवंडांना विचारा, गाव कोणते? 'लोणावळ्याजवळ' एवढेच उत्तर येते. कोणत्या मावळातले, कोणत्या नदीकाठचे, हे आजीला ठाऊक असते आणि आजीबरोबर ते जाते.

म्हणून सूचनेविषयी आमचे मत असे. मुखपृष्ठावर ओळ अवश्य छापावी. फक्त 'मूळचे' हा शब्द गाळावा. 'मूळचे' म्हटले की बाकीचे उपरे ठरतात, आणि ज्या खळ्यावर आपल्याबरोबर कुंभार, परीट आणि महार उभे होते त्यांना आपण त्या नावातून बाहेर लोटतो. तसा अधिकार कार्ल्याच्या लेखाने कोणालाच दिलेला नाही. 'आम्ही मावळे' एवढे पुरे आहे. कित्येक कुटुंबे सातारा-वाईकडून आगगाडीच्या कामानिमित्त इथे येऊन स्थायिक झाली आहेत. त्यांनाही ही ओळ म्हणताना अडखळावे लागणार नाही, कारण दुसरा अर्थ त्यांच्यासाठी मोकळा आहे आणि जिवाजी तर त्यांच्याच बाजूचे.

दुसरी विनंती कुटुंबसूचीची. मंडळाच्या सूचीत नाव, शिक्षण, व्यवसाय, पत्ता असे रकाने आहेत. त्यांत 'मूळ गाव' या रकान्याशेजारी 'मावळ, खोरे अथवा नेर' असा एक रकाना वाढवावा. गाव धरणाखाली गेले असल्यास त्याचे नाव, उठल्याचे साल आणि तिथे किती घरांची गावकी होती हेही लिहावे. चिटणीसांनी कोरे तक्ते छापून आणले आहेत, ते दाराशी मिळतील. घरी जी ज्येष्ठ मंडळी आहेत त्यांना विचारून ते दिवाळीपूर्वी भरून पाठवावेत; ज्यांना लिहिण्यास अडचण असेल त्यांच्याकडे आम्ही स्वतः येऊन बसू. रविवार सोडून कोणताही दिवस चालेल, कारण रविवारी आपल्या दुकानांत गर्दी असते.